हर्णैतले तीन क्वाड्राफोनिक डेक: आवाजाची तुलना आणि निवड

हर्णै बंदराच्या वरच्या अंगाला चिऱ्याचं कौलारू घर. घरातले थोरले काका १९७०च्या दशकात व्यापारी जहाजांवर इंजिन-रूममध्ये होते. त्या वर्षांत निरनिराळ्या बंदरांतून घेतलेले तीन एट-ट्रॅक डेक, म्हणजे कार्ट्रिजमधली टेप वाजवणारी यंत्रं, तिन्ही चार चॅनलचे, आणि तीसेक कार्ट्रिज माडीवरच्या कपाटात होत्या. त्यांतल्या अकरा क्वाड, म्हणजे चार चॅनलच्या, बाकीच्या साध्या दोन चॅनलच्या स्टेरिओ. पुतण्याला एकच डेक ठेवायचा होता. त्याच्यावर अकराही क्वाड कार्ट्रिज चार चॅनलांत संगणकावर उतरवायच्या आणि उरलेले दोन डेक कुणा शौकिनाला द्यायचे. प्रश्न सरळ होता: तिघांत आवाज कुणाचा चांगला?

घरातलं मत आधीच ठरलेलं होतं. पहिला डेक, त्याला इथे अ म्हणू, 'बसका' वाजतो. ब गोड आहे, पण मागून एकाच बाजूने ऐकू येतो. क बरोबर वाजतो, फक्त लांब सूर थरथरतात. या मतावर जाऊन अ भंगारात निघायच्या बेतात होता. तपासणीत दिसलं ते असं की तिन्ही शेरे डेकच्या आवाजाबद्दलचे नव्हतेच, ते बिघाडांचे वर्णन होते. पन्नास वर्षांच्या यंत्राला जसं आहे तसं लावून तुलना केली तर कान बिघाडच मोजतात. बिघाड काढल्यावर जे उरतं ते त्या डेकचं, आणि क्वाडच्या बाबतीत उरतं ते मुख्यतः एकच: हेड, म्हणजे टेपेवरून आवाज वाचणारा, वर-खाली सरकणारा भाग, दरवेळी त्याच जागी, त्याच कोनात परत येतं का.

मॉडेलांची नावं इथे मुद्दाम घेतलेली नाहीत. अकाई सीआर-८०डी-एसएस किंवा टेक्निक्स आरएस-८५८यूएस यांसारख्या, चार चॅनल रेकॉर्डही करणाऱ्या डेकांची शौकिनांत आजही विचारणा होते. पण एकाच मॉडेलचे दोन नग आज सारखे वाजतीलच असं नाही. एक गाळ्यातल्या दमट हवेत राहिलेला असतो, एक कोरड्या खोलीत. नावापेक्षा नगाची अवस्था जास्त बोलते.

कार्ट्रिजमध्ये नेमकं काय असतं

एट-ट्रॅकची टेप ६.३५ मिमी रुंद, टोकं जोडलेली, न संपणारी. वेग सेकंदाला ९.५ सेंमी. टेपेच्या पाठीला ग्रॅफाइटचा थर असतो, कारण ती गुंडाळीच्या मधून ओढली जाते आणि बाहेरून परत गुंडाळली जाते. सगळे वेढे एकमेकांवर सतत घसरत असतात. स्टेरिओत आठ ट्रॅकचे चार कार्यक्रम होतात: १ आणि ५, २ आणि ६, ३ आणि ७, ४ आणि ८. आरसीएने १९७०मध्ये आणलेल्या क्वाड प्रकारात, म्हणजे क्यू-एटमध्ये, त्याच आठ ट्रॅकचे दोनच कार्यक्रम केले. पहिल्यात १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यात २, ४, ६, ८. पहिल्या कार्यक्रमात १ म्हणजे समोरचा डावा, ३ मागचा डावा, ५ समोरचा उजवा, ७ मागचा उजवा. चारही चॅनल टेपेवर खरोखर वेगळे असतात. चार चॅनलच्या एसक्यू किंवा क्यूएस रेकॉर्डांसारखे दोन चॅनलांत गुंफून पुन्हा सोडवावे लागत नाहीत. क्यू-एटची खरी श्रीमंती ही. आणि त्याच टेपेवर निम्माच वेळ मावतो, ही तिची किंमत.

क्वाड कार्ट्रिजच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक खाच असते. डेकमधला छोटा मायक्रोस्विच ती खाच चाचपतो आणि चार चॅनल चालू करतो. खारट हवेत हा स्विच सगळ्यांत आधी जातो. तो अडकला की डेक क्वाड कार्ट्रिजला स्टेरिओ समजतो. मग पहिल्या कार्यक्रमात फक्त समोरचे दोन ट्रॅक वाजतात, आणि तिसऱ्या कार्यक्रमात त्याच संगीताचे मागचे दोन ट्रॅक एकटे ऐकू येतात. 'याच्यावर एकच गाणं दोनदा आहे, दुसऱ्यांदा नुसता कोरस' अशी तक्रार कुणी केली तर स्विच बघा, कार्ट्रिज ठीक असते. इथे क डेकमध्ये नेमकं हेच अधूनमधून होत होतं. स्विचच्या पत्तीवर हिरवट गंज चढला होता. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पत्ती वीसेकदा दाबून सोडून ते काम झालं.

आधी वीज, मग आवाज

अ डेकच्या मागच्या पाटीवर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. घरात तो २३० वरून ११० करणाऱ्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालत होता. पुतण्याचं म्हणणं होतं, "काका, स्टेपडाउन लावलाय ना, मग मोटर कशी हळू फिरेल?" काकांनी जहाजावर जनरेटर सांभाळलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "व्होल्ट बदलले रे, हर्ट्झ कुणी बदलले?"

मुद्दा तोच. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता जशीच्या तशी राहते. अ ची मोटर एसी सिंक्रोनस, तिचा वेग वारंवारतेला बांधलेला. ६०च्या जागी ५० मिळाल्यावर ती ५/६ वेगाने, म्हणजे ८३.३ टक्क्यांनी फिरते. वीस मिनिटांचा कार्यक्रम चोवीस मिनिटं चालतो आणि सगळं संगीत तीन अर्धस्वरांहून किंचित जास्त खाली उतरतं, हार्मोनियमवर पाहिलं तर काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या आणि थोडं वर. सोबत वरचा टिपेचा भागही मंदावतो. 'बसका' आवाज तो हाच.

ब जपानी बनावटीचा, मागे व्होल्टेजचा सिलेक्टर आणि मोटरवर दोन पायऱ्यांची पुली. बेल्ट ५० हर्ट्झच्या पायरीवर होता, म्हणून वेग बरोबर. क मध्ये गव्हर्नर (वेग स्थिर ठेवणारी यंत्रणा) असलेली डीसी मोटर, तिला हर्ट्झशी देणंघेणं नाही.

वेग कानाने ठरवू नये. कॅप्स्टनचा, म्हणजे टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्याचा, व्यास मायक्रोमीटरने मोजावा, त्याच्यावरच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, परावर्तक पट्टीचा तुकडा चिकटवून लेसर टॅकोमीटरने फेरे मोजावेत. अ चा कॅप्स्टन ५ मिमीचा. परीघ १५.७१ मिमी. सेकंदाला ९५.२५ मिमी टेप ओढायची तर मिनिटाला साधारण ३६४ फेरे हवेत. मिळत होते ३०३.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, ६० हर्ट्झ, १२० व्होल्ट देणारा शुद्ध साइन इन्व्हर्टर बॅटरीवर चालवणं. डेकला हात लावावा लागत नाही, पण स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर घेऊ नका. मोटर गुरगुरते आणि ती गुरगुर चारही चॅनलांत उतरते. दुसरा, हळू वाजू द्यायचं आणि संगणकावर सुधारायचं: ४८ किलोहर्ट्झला उतरवलेली फाइल ५७.६ किलोहर्ट्झची म्हणून वाचायची की वेग जागेवर येतो. मात्र हेडमधून येणारा सिग्नल वेगाबरोबर साधारण दीड डेसिबलने घटलेला असतो आणि डेकचं इक्वलायझेशन (उंच-खालच्या सुरांचा तोल साधणारी जुळवणी) आता चुकीच्या वारंवारतांवर बसलेलं असतं, त्यामुळे आवाजाचा तोल किंचित कलतो. शिवाय प्रत्यक्ष ऐकण्यासाठी हा उपाय निकामी.

तिसरा उपाय पुली, आणि इथे तोच केला. मोटरची पुली २० टक्के मोठी हवी, पण नुसता व्यास १.२ ने गुणून चालत नाही. बेल्टला जाडी असते आणि वेग ठरतो बेल्टच्या मध्यरेषेवर. मूळ पुली १०.० मिमी, बेल्ट ०.६ मिमी जाड. प्रभावी व्यास १०.६, त्याच्या १.२ पट १२.७२, त्यातून बेल्टची जाडी वजा केली की १२.१२ मिमी. सरळ १२ मिमीची पुली लावली असती तर वेग जवळजवळ १ टक्का कमी राहिला असता, आणि ओळखीच्या संगीतात तेवढा फरक खटकतो. पितळेची पुली खेडच्या लेथवाल्याकडून करून घेतली. त्याला तीन गोष्टी लिहून दिल्या: मधला फुगवटा मूळ पुलीसारखाच, म्हणजे बेल्ट घसरून बाहेर जात नाही. भोक शाफ्टवर घट्ट बसणारं. आणि भोक व बाहेरचा गोल एकाच पकडीत कातायचा. पकड बदलली की पुली सूक्ष्म डोलते आणि तो डोल लांब सुरांत ऐकू येतो. बसवल्यावर ३६३ फेरे मिळाले.

६० हर्ट्झसाठी बांधलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. म्हणून स्टेपडाउन १२० ऐवजी ११० चा ठेवावा आणि तासभर चालवून हात लावून पाहावा. हात टिकत नसेल तर थांबावं. स्टेपडाउन दोन वेगळ्या गुंडाळ्यांचाच घ्यावा, ऑटो ट्रान्सफॉर्मर नको. पत्र्याच्या पेटीचा, दोन पिनांचा जुना डेक, दमट भिंत आणि ओली फरशी एकत्र आली की चूक महाग पडते.

कार्ट्रिजची तयारी

कार्ट्रिज तपासल्याशिवाय कुठल्याही डेकमध्ये घालू नये. पिंच रोलर, म्हणजे टेप कॅप्स्टनवर दाबून धरणारं चाक, एट-ट्रॅकच्या डेकमध्ये नसतो, कार्ट्रिजमध्येच असतो. म्हणून कंप, म्हणजे वेगातली थरथर, मोजताना अर्धा कंप कार्ट्रिजचा असतो हे लक्षात ठेवावं. काही जुन्या कार्ट्रिजांचे रोलर विरघळून डांबरासारखे झालेले असतात. असा रोलर कॅप्स्टनला चिकटला की टेप खाल्लीच. बोटाने दाबून पाहावा, बोटाला काळं लागलं तर रोलर बदलावा.

टेपेमागचे दाबपॅड दोन प्रकारचे असतात, स्पंजाचे आणि स्प्रिंगवर बसवलेल्या नमद्याचे. कोकणच्या हवेत स्पंज टिकत नाही. अकरांपैकी सहा कार्ट्रिजांत स्पंजाची नुसती भुकटी उरली होती. बाजारात मिळणारा दाट फोम कापून, वर गुळगुळीत पट्टी चिकटवून नवे पॅड करता येतात. जाडी शाबूत कार्ट्रिजवरून मोजून घ्यावी. जाड झाला तर टेप अडते, पातळ झाला तर वरचे सूर निघून जातात आणि दोष हेडच्या माथी जातो.

मग सांधा. टेपेची दोन टोकं जिथे जुळतात तिथे धातूची पट्टी असते. ती सेन्सरवरून गेली की सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी खटका) खटकन हेड हलवतो. या पट्टीचा गोंद पन्नास वर्षांत वाळलेला असतो. न बदलता कार्ट्रिज लावली तर पहिल्याच फेरीत सांधा सुटतो आणि टोक आत गडप होतं. टेप चालण्याच्या दिशेनेच हळूहळू ओढत सांधा खिडकीत आणावा, उलट ओढली तर गुंडाळी आवळून बसते. जुनी पट्टी काढून नवी सेन्सिंग पट्टी टेपेच्या चुंबकीय बाजूला, कडेला कडा मिळवून लावावी. कडेबाहेर आलेला अर्धा मिलिमीटरही पुढे अडकतो.

दोन कार्ट्रिजांवर पांढरी बुरशी होती. त्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवून, मग मास्क लावून अंगणात कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसल्या. उन्हात ठेवू नयेत, ओव्हनमध्ये तर मुळीच नाही. काही रील टेप मंद आचेवर भाजून वाचवतात, तो इलाज या टेपेचा नाही. पाठीचं वंगण बिघडलं की गुंडाळी घसरायची थांबते आणि कार्ट्रिज कायमची जाते. त्याच कारणाने टेपेच्या पाठीला अल्कोहोलही लावू नये.

तिन्ही डेक एका पातळीवर

हेड आणि कॅप्स्टन ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसले, हेडचं चुंबकत्व उतरवलं, तिन्ही बेल्ट बदलले. बेल्ट मूळ बेल्टपेक्षा आतल्या परिघात सुमारे ५ टक्के लहान घ्यावा, कारण जुना ताणलेला असतो. फार घट्ट घेतला तर मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो.

ब मध्ये मागचा उजवा चॅनल बराच दबलेला. अशा वेळी हेड गेलं म्हणून हळहळण्याआधी मागच्या दोन चॅनलांच्या हेडच्या वायरी प्रीॲम्पच्या (हेडचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटच्या) तोंडाशी अदलाबदल कराव्यात. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर हेड, तिथेच राहिला तर प्रीॲम्प. इथे दोष उजवीकडेच राहिला. सिग्नलच्या वाटेवरचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेला निघाला. एक बदलून थांबू नये. चार चॅनलांतले त्याच जागेचे चारही बदलावेत, नाहीतर दोन महिन्यांत दुसरा जातो आणि चार चॅनलांचा तोल पुन्हा ढळतो. क्वाड डेकची एक सोय मोठी आहे: चार एकसारखे प्रीॲम्प शेजारी बसलेले असतात. सर्किटचा नकाशा नसला तरी चांगल्या चॅनलवरचं व्होल्टेज आणि बिघडलेल्यावरचं व्होल्टेज जोडीने मोजून दोष सापडतो.

क मधली थरथर दोन कारणांनी होती. बेल्ट कडक झालेला आणि कॅप्स्टनच्या बेअरिंगमधलं वंगण डिंकासारखं. बेअरिंग धुऊन हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब घातला. थरथर कमी झाली, गेली नाही. त्याचं फ्लायव्हील पातळ पत्र्याचं, अ च्या फ्लायव्हीलच्या निम्म्याहून हलकं. हा मात्र त्या डेकचा खरा स्वभाव, तो पुलीने किंवा तेलाने बदलत नाही.

उंची आणि कोन

आता तुलनेचा खरा गाभा. आठ ट्रॅक ६.३५ मिमीमध्ये बसवायचे म्हणून प्रत्येक ट्रॅक सुमारे अर्धा मिमी रुंद आणि दोन ट्रॅकच्या मध्यांतलं अंतर सुमारे ०.८ मिमी. मधली मोकळी पट्टी जेमतेम ०.३ मिमी. क्वाडमध्ये प्रत्येक ट्रॅकचे शेजारी दुसऱ्या कार्यक्रमाचे असतात. हेडची उंची पाव मिलिमीटर चुकली की शांत जागी मागून दुसरंच संगीत झिरपतं. म्हणून आधी उंची, मग कोन. क्रम उलटा केला तर उंची फिरवताना कोन पुन्हा बिघडतो. उंची जुळवायची ती शेजारच्या कार्यक्रमाचा आवाज कमीत कमी होईपर्यंत, आणि कार्यक्रम १ वर जुळवून कार्यक्रम २ वर तपासायची. दोन्हींकडे सारखा झिरपा राहिला म्हणजे मधला बिंदू सापडला.

कोनाचं गणित जास्त निर्दय आहे. १० किलोहर्ट्झच्या सुराची टेपेवरची लांबी फक्त ९.५ मायक्रॉन. हेड अर्धा अंश तिरकं असेल तर त्या सुरात साधारण ३ डेसिबलची घट होते, पूर्ण एक अंशाला २० डेसिबलच्या वर. अर्ध्या अंशाची घट एकेका चॅनलवर कानाला फारशी जाणवणार नाही, पण चॅनलांमधला वेळ फिसकटतो. समोरचे दोन चॅनल ट्रॅक १ आणि ५ वर, त्यांच्यात ३.२ मिमी अंतर. अर्ध्या अंशाने एक चॅनल दुसऱ्याच्या सुमारे ०.२९ मिलिसेकंद मागे पडतो, ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये, जिथे आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजला जातो, १४ नमुने, म्हणजे तशी १४ मोजमापं. मध्यभागी उभा असलेला गायक मग मध्यभागी राहत नाही.

म्हणून मोजमाप असं केलं. चार इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसवर चारही चॅनल एकाच वेळी, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला घेतले. समोर मधोमध एकच आवाज असलेली जागा निवडून दोन्ही चॅनलांत किती नमुन्यांचा फरक पडतो ते पाहिलं. सुरुवात खालच्या सुरांपासून करावी. १० किलोहर्ट्झवर जुळवायला गेलं तर एक पूर्ण लहर चुकून पुढे-मागे जुळते आणि सगळं बरोबर वाटतं.

संदर्भासाठी कंपनीच्या छापील कार्ट्रिजच वापरल्या, एक नव्हे पाच. छापील कार्ट्रिजांचे कोन आपापसांत थोडे वेगळे असतात, म्हणून हेड त्यांच्या मधल्या जागी बसवायचं. ब डेक रेकॉर्ड करतो, मग त्याच्यावरच चाचणी-सूर भरून बाकीचे दोन त्याला का जुळवू नयेत, असं वाटतं. तसं केलं तर ब च्या हेडचा कोन हाच मोजदंड होतो आणि स्पर्धेत ब आपोआप जिंकतो. ब वर भरलेले सूर चार चॅनलांचा तोल पाहण्यापुरते वापरले. कंपासाठी वापरले तर ब स्वतःचाच कंप दोनदा दाखवतो, हेही ध्यानात ठेवावं.

प्रत्येक डेकवर कार्यक्रम १ आणि २ मध्ये पुन्हा पुन्हा अदलाबदल करून दरवेळी फरक नोंदला. अ वर फरक दरवेळी एका नमुन्याच्या आत. क वर कार्यक्रम २ मध्ये ठरावीक ३ नमुन्यांची तफावत, पण ती कायम तेवढीच. ब वर कार्यक्रम बदलला की कधी २, कधी ७ नमुने, कुठलाच नियम नाही. ७ नमुन्यांचा अर्थ असा: समोरचे दोन चॅनल एकत्र ऐकू येतात तिथे ३.४ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. मानवी आवाजातली व्यंजनं तिथेच असतात. म्हणजे ब ची गोडी काही अंशी हरवलेल्या व्यंजनांची होती.

कारण उघडून पाहिल्यावर दिसलं. हेड वर-खाली नेणाऱ्या कॅमवर ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं आणि हेडची गाडी ज्या खाचेत सरकते ती एका अंगाने झिजली होती. ग्रीस धुऊन नवं लावल्यावर ७ चे ५ झाले. झीज भरून काढता येत नाही. चांगलं हेड, चांगले प्रीॲम्प आणि खिळखिळी गाडी, असा तो डेक.

ऐकून केलेली तुलना

मोजमाप झाल्यावर ऐकणं, तेही अटी पाळून. खोली माडीवरची, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. चार एकसारखे स्पीकर, ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर, तेवढ्यासाठी दोन एकसारखे स्टेरिओ ॲम्प. दोन्ही ॲम्प एकाच सॉकेटच्या पट्टीवर लावले, वेगवेगळ्या भिंतींतून वीज घेतली तर अर्थिंगच्या वळशामुळे घरघर येते आणि ती डेकची वाटते. चारही चॅनलांची पातळी तिन्ही डेकवर ०.२ डेसिबलच्या आत जुळवली, कारण किंचित मोठा वाजणारा डेक नेहमीच चांगला वाटतो. कार्ट्रिज एकच, क्रम अ, ब, क आणि पुन्हा अ. शेवटचा अ पहिल्या अ सारखा ऐकू आला नाही तर टेप किंवा पॅड बदललं आहे, ती फेरी रद्द. कुठला डेक वाजतोय हे ऐकणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. पाऊस कौलांवर वाजत असताना हिस्सबद्दल, म्हणजे टेपेच्या सळसळीबद्दल, बोलण्यात अर्थ नाही, म्हणून त्या वेळा टाळल्या.

हिस्स ब वर सगळ्यांत कमी, मागच्या चॅनलांत तर स्पष्टच कमी. अ चा हिस्स थोडा जास्त, पण एकसारखा, आणि एकसारखा हिस्स कान काही मिनिटांत विसरतो. पियानोचे लांब सूर अ वर स्थिर, ब वर जवळपास तसेच, क वर पाण्यात धरल्यासारखे. निर्णायक ठरली ती एक जागा: समोर गायक, मागे डावीकडून उजवीकडे फिरणारी बासरी. अ वर बासरी खोलीभर सरकताना तिचा रंग बदलत नव्हता. ब वर ती मागच्या कोपऱ्यात पोचताना मंद व्हायची, आणि पुढच्या फेरीत व्हायची नाही. ज्या गोष्टीवर भरवसा ठेवता येत नाही ती उतरवून ठेवण्याच्या कामाची नाही, मग तिचा हिस्स कितीही कमी असो.

निवड

अकरा क्वाड कार्ट्रिज उतरवण्यासाठी अ. घरात सगळ्यांत वाईट ठरवलेला डेक, एका पितळी पुलीचा आणि एका बेल्टचा प्रश्न होता. जड फ्लायव्हील आणि जागेवर परतणारं हेड या दोन गोष्टी कुठल्याही दुरुस्तीने दुसऱ्या डेकात घालता येत नाहीत. घेताना आधी त्या बघाव्यात, लाकडी पेटी आणि पातळी दाखवणारे चार काट्यांचे मीटर नंतर.

ब देऊन टाकू नये असं ठरलं. स्टेरिओ कार्ट्रिज ऐकायला तो उत्तम आहे, कारण तिथे दोनच ट्रॅक जुळावे लागतात. त्याच्यावर कोऱ्या कार्ट्रिजवर सूर भरून अ ची वार्षिक तपासणीही करता येते: फक्त पातळी, कोन नव्हे. क चालू अवस्थेत, हलक्या फ्लायव्हीलची कल्पना देऊन, द्यायला हरकत नाही.

उतरवण्याचा क्रम असा ठेवला: आधी ज्यांचे स्पंज नवे घातले त्या सहा, मग बुरशी पुसलेल्या दोन, शेवटी बाकीच्या. प्रत्येक कार्ट्रिज एकदा पूर्ण फेरी वाजवून गुंडाळी मोकळी करायची आणि दुसऱ्या फेरीत उतरवायची. दर कार्ट्रिजला हेडच्या कोनाचा स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त फिरवावा लागला तर आधी पॅड तपासायचं. चार चॅनलांच्या चार स्वतंत्र वेव्ह फाइल ठेवायच्या, नावात ट्रॅकचा क्रमांक आणि जागा: १ समोर डावा, ३ मागे डावा याप्रमाणे. काम जूनच्या आत संपवायचं. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली फारशी येत नाही आणि कार्ट्रिज डब्यातून काढली की तासाभरात ओल धरते.

वीज गेली की कार्ट्रिज लगेच बाहेर ओढायची, रात्रभर आत राहिली तर कॅप्स्टनचा दाब रोलरवर खळगा पाडतो आणि पुढे दर फेऱ्याला धप्प असा आवाज येतो. पावसाळ्यात डेक आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवायचा, कार्ट्रिज न घालता. कार्ट्रिज हवाबंद डब्यात, दहा-बारांमागे २०० ग्रॅम सिलिका जेल. नारिंगीचं हिरवं झालं की ते जेल वेगळं काढून ११०-१२० अंशांवर तापवून परत वापरायचं, आणि डब्यात टाकण्याआधी पूर्ण थंड होऊ द्यायचं.